संगणकाची स्मृती : वेग कोणता आणि उशीर कोणाचा?



कामगारसंघाचा कार्यकर्ता व्यासपीठावर उभा राहिला की तो महागाईभत्त्यावर, किमान वेतनावर किंवा कंत्राटी पद्धतीवर बोलणार, अशी श्रोत्यांची अपेक्षा असते. आणि ती गैरही नाही. आज मात्र आम्ही संगणकाच्या स्मृतीविषयी, म्हणजे ज्याला आपण दुकानात 'रॅम' म्हणतो त्या वस्तूविषयी, बोलणार आहोत. आम्ही या विषयातले पंडित नव्हे. कॉलेजची पायरी आम्ही चढलो नाही. जे काही समजले ते पुस्तके वाचून, जाणत्या तरुणांना विचारून आणि एकदा चांगलेच तोंडघशी पडून समजले. तोंडघशी पडण्याची ती हकीकत प्रथम सांगतो, म्हणजे हा विषय आमच्या वाट्याला का आला हे आपल्या ध्यानात येईल.

काही वर्षांपूर्वी एका मालवाटपाच्या गोदामातील कामगार आमच्याकडे आले. तेथे ओळीने टेबले मांडलेली असत आणि प्रत्येक टेबलावर एक संगणक असे. पाकिटावरचा बारकोड यंत्रापुढे धरायचा, पडद्यावर पत्ता उमटायचा, मग छापील लेबल बाहेर पडायचे. ते चिकटवून पाकीट पुढे ढकलायचे आणि दुसरे हातात घ्यायचे. एका लेबलापासून दुसऱ्या लेबलापर्यंत किती वेळ गेला हे तोच संगणक मोजत असे, आणि त्या मोजणीवर प्रोत्साहनभत्ता ठरत असे. यांपैकी तीन टेबलांवरच्या कामगारांना 'काम मंद' म्हणून मेमो मिळाले होते आणि भत्ता कापला गेला होता. त्यांतील एक भगिनी आम्हाला म्हणाली, "काका, माझा हात थांबत नाही हो, पडदा थांबतो."

आम्ही व्यवस्थापकांपुढे हे गाऱ्हाणे मांडले. त्यांनी ते उडवून लावले नाही, हे त्यांच्या बाजूने सांगितले पाहिजे. ते म्हणाले, "त्या तीन यंत्रांत २४०० ची रॅम आहे. आम्ही ३२०० ची बसवून देतो." ३२०० हा आकडा २४०० पेक्षा एकतृतीयांशाने मोठा; आम्ही मान डोलावली आणि चहा पिऊन बाहेर पडलो. नव्या पट्ट्या आल्या, बसल्या. पडदा पूर्वीइतकाच थांबत राहिला. महिन्याभराने व्यवस्थापकांनी आम्हाला विचारले, "वेगवान मेमरी दिली, तरी काम मंदच आहे. आता दोष कोणाचा?" आमच्यापाशी उत्तर नव्हते. ज्या गोष्टीचा अर्थ आम्हाला कळत नव्हता, ती आम्ही कामगारांच्या वतीने मान्य करून बसलो होतो, आणि तीच आता त्यांच्या विरुद्ध पुरावा म्हणून पुढे आली होती. त्या लाजेपोटी आम्ही जे शिकलो ते आज आपल्यापुढे ठेवीत आहोत.

पहिली गोष्ट अशी की संगणकाची स्मृती ही एकच एक वस्तू नाही. ती पायऱ्यापायऱ्यांनी रचलेली असते. वरच्या पायरीवर जागा थोडी, पण वेग फार. खालच्या पायरीवर जागा पुष्कळ, पण वेग कमी. हे समजण्यासाठी कारखान्यातल्या एखाद्या फिटरकडे पाहावे. जो पाना त्याच्या हातात आहे तो त्याला शोधावा लागत नाही. जी कानस बाकावर पडली आहे ती हात लांबवला की मिळते. काही हत्यारे बाकाच्या खणात असतात, काही खात्याच्या कपाटात. त्याहून कमी लागणारी वस्तू स्टोअरच्या खिडकीशी जाऊन, चिठ्ठी देऊन आणावी लागते. स्टोअरमध्ये नसेल तर शहरातल्या बाजारातून मागवावी लागते, आणि तेथेही नसेल तर परदेशाहून आगबोटीने. संगणकाचा मेंदू, म्हणजे प्रोसेसर, हा आपला फिटर. त्याच्या अंगाशीच, त्याच चकतीवर, ज्या लहान लहान स्मृती असतात त्यांना 'कॅशे' म्हणतात. त्यांत पहिली, दुसरी, तिसरी अशा पायऱ्या आहेत. त्या म्हणजे बाक, खण आणि कपाट. रॅम म्हणजे स्टोअर. त्याच्या पलीकडे कायमच्या साठवणीची साधने : फ्लॅश स्मृतीची एसएसडी हा शहरातला बाजार, आणि जुनी फिरती हार्ड डिस्क ही आगबोट.

आता यांच्या वेगांतले अंतर पाहू. येथे वेळ नॅनोसेकंदात मोजावा लागतो. एका सेकंदाचे शंभर कोटी भाग केले तर त्यांतील एक भाग म्हणजे एक नॅनोसेकंद. अमेरिकेच्या नौदलातील संगणकतज्ज्ञ ग्रेस हॉपर आपल्या व्याख्यानांत श्रोत्यांना सुमारे ३० सेंटिमीटर लांबीच्या तारेचे तुकडे वाटीत असत आणि सांगत की प्रकाश एका नॅनोसेकंदात फार तर एवढेच अंतर काटू शकतो. शब्दापेक्षा तार हातात घेतली की गोष्ट पटते.

आपण एक नॅनोसेकंद म्हणजे आपला एक सेकंद असे धरू. मग पहिल्या कॅशेतली वस्तू साधारण एका सेकंदात हाती येते, दुसरीतली तीनचार सेकंदांत, तिसरीतली दहावीस सेकंदांत. रॅमपर्यंत जाऊन यायला प्रत्यक्षात ८० ते १०० नॅनोसेकंद लागतात. आपल्या मापाने दीड मिनिट किंवा थोडे अधिक. एसएसडीला जाऊन येण्यास सर्वसाधारणपणे १०० मायक्रोसेकंद धरले, तर ते आपल्या मापाने सुमारे २८ तास होतात. आणि हार्ड डिस्क? तिची तबकडी मिनिटाला ७२०० फेरे घेते असे धरले तर एका फेऱ्याला ८.३ मिलिसेकंद लागतात. हवी ती जागा सुईखाली येण्यास सरासरी अर्धा फेरा थांबावे लागते, त्याआधी सुई योग्य वर्तुळावर न्यावी लागते. सगळे मिळून साधारण १० मिलिसेकंद. आपल्या मापाने हे झाले ११६ दिवस, म्हणजे जवळजवळ चार महिने!

कोणी विचारील, सगळीच स्मृती पहिल्या पायरीसारखी का करीत नाहीत? याचे उत्तर तिच्या घडणीत आहे. कॅशेच्या स्मृतीत एकेक अंक, म्हणजे शून्य किंवा एक, धरून ठेवण्यास बहुधा सहा ट्रान्झिस्टर लागतात. ते एकमेकांना आधार देऊन उभे राहतात आणि वीज चालू आहे तोवर अंक विसरत नाहीत. पण ते जागा फार अडवतात. रॅमच्या कोठडीत मात्र एकच ट्रान्झिस्टर आणि विजेचा भार साठवणारी एक इवलीशी कुपी, म्हणजे कपॅसिटर, एवढेच असते. ही युक्ती आयबीएममधील रॉबर्ट डेनार्ड यांची; तिचे पेटंट त्यांना १९६८ साली मिळाले. १९७० साली इंटेलने ११०३ या नावाची १०२४ अंकांची चकती बाजारात आणली आणि या जातीच्या स्मृतीचा प्रसार सुरू झाला. आज आपल्या खिशातल्या फोनमध्ये याच कुळातली, पण कितीतरी पट मोठी, स्मृती आहे. कुपी लहान म्हणून स्मृती स्वस्त आणि दाट. पण कुपी गळकी आहे. तिच्यातला भार आपोआप ओसरतो, म्हणून साधारणतः दर ६४ मिलिसेकंदांच्या आत प्रत्येक ओळ वाचून पुन्हा भरावी लागते. शिवाय तिच्यातला भार इतका अल्प की तो ओळखण्यासाठी थोडा अवधी जावाच लागतो. थोडक्यात, स्वस्ताई आणि वेग यांतला हा सौदा आहे.

याआधीची स्मृती कशी होती हे जाणण्यासाठी लांब जाण्याचे कारण नाही. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली टिफ्रॅक हा संगणक उभा राहिला. त्याची स्मृती फेराइटच्या बारीक कड्यांची होती. मण्यांत दोरा ओवावा तशा तारा त्या कड्यांतून ओवलेल्या असत, आणि प्रत्येक कडे एक अंक चुंबकाच्या रूपाने धरून ठेवी. तिच्यात ४० अंकांचा एक असे २०४८ शब्द मावत. आज दुकानात मिळणाऱ्या आठ गीगाबाइटच्या पट्टीशी तुलना केली तर ही जागा म्हणजे समुद्रापुढे ओंजळ. परंतु लक्षात घ्या, प्रोसेसरचा वेग स्मृतीच्या वेगापेक्षा झपाट्याने वाढत गेला, आणि जुन्या काळी जवळजवळ बरोबरीने चालणारे मेंदू आणि स्मृती हे दोघे एकमेकांपासून दुरावत गेले. तीन गीगाहर्ट्झचा प्रोसेसर सेकंदाला ३०० कोटी ठोके घेतो. तेव्हा रॅमच्या एका फेरीत त्याचे जवळजवळ ३०० ठोके जातात. १९९५ साली वुल्फ आणि मॅकी या दोन अमेरिकन संशोधकांनी या दुराव्याला 'स्मृतीची भिंत' असे नाव दिले.

या भिंतीवरचा तोडगा म्हणजेच कॅशे. तिची कल्पना इंग्लंडातील केंब्रिजच्या मॉरिस विल्क्स यांनी १९६५ साली एका लेखात मांडली, आणि १९६८ साली जाहीर झालेल्या आयबीएमच्या ३६० मालिकेतील ८५ क्रमांकाच्या यंत्रात ती व्यापारी स्वरूपात आली. विल्क्स यांनी तिला 'गुलाम स्मृती' म्हटले होते. मालकाने एकदा मागवलेली वस्तू पुन्हा लागेल म्हणून हाताशी राखून ठेवणारी, म्हणून गुलाम. ते नाव टिकले नाही, याचा आम्हाला खेद नाही.

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. रॅमच्या पट्टीवर जो २४०० किंवा ३२०० असा आकडा छापलेला असतो तो कशाचा वेग सांगतो?

चाळीतल्या सार्वजनिक नळाचा अनुभव पुष्कळांना असेल. नळ सोडल्यावर पहिले पाणी यायला लागतो तो एक वेळ. पाणी आल्यावर धार किती जाड पडते ही दुसरी गोष्ट. धार जाड असली तरी पहिले पाणी उशिरा येऊ शकते, आणि पाणी लगेच आले तरी धार करंगळीएवढी असू शकते. एक तांब्या पाणी हवे असेल तर पहिला वेळ महत्त्वाचा. पिंप भरायचे असेल तर धार महत्त्वाची. रॅमलाही असेच दोन वेग आहेत : पहिल्या उत्तराला लागणारा विलंब, आणि उत्तर सुरू झाल्यावर वाहणारी धार. पट्टीवरचा मोठा आकडा हा धारेचा आकडा आहे. पहिल्या उत्तराचा नाही.

धारेचा हिशेब सोपा आहे. ३२०० याचा अर्थ सेकंदाला ३२०० दशलक्ष खेपा. घड्याळाचे ठोके त्याच्या निम्मे, म्हणजे १६०० दशलक्षच असतात. परंतु डीडीआर जातीच्या स्मृतीत प्रत्येक ठोक्याला चढताना एक आणि उतरताना एक अशा दोन खेपा होतात. दर खेपेस ६४ अंक, म्हणजे आठ बाइट, येतात. ३२०० ला आठाने गुणले की २५,६०० दशलक्ष बाइट, म्हणजे सेकंदाला २५.६ गीगाबाइट. याच हिशेबाने २४०० च्या पट्टीची धार १९.२ गीगाबाइट. येथवर जाहिरात खरी आहे.

आता विलंब पाहू. रॅममधील कोठड्या ओळी आणि स्तंभ यांत मांडलेल्या असतात. स्टोअरकीपर चिठ्ठी मिळाल्यावर काय करतो? प्रथम योग्य तो खण ओढून बाहेर काढतो, मग त्यातून नेमकी वस्तू उचलतो. आणि दुसऱ्या खणाचे काम निघाले की पहिला खण आत ढकलतो. रॅमही तसेच करते : ओळ उघडणे, स्तंभ निवडणे, ओळ मिटवणे. प्रत्येक कामास किती ठोके लागतात ते पट्टीवर २२-२२-२२ अशा बारीक आकड्यांत लिहिलेले असते. त्यातला पहिला आकडा म्हणजे ओळ आधीच उघडी असता स्तंभ निवडून उत्तर येईपर्यंतचे ठोके. त्याला 'सीएल' म्हणतात. ३२०० च्या पट्टीचा एक ठोका ०.६२५ नॅनोसेकंदाचा. असे २२ ठोके म्हणजे १३.७५ नॅनोसेकंद. दुसरीच ओळ उघडी असेल तर तिन्ही कामे करावी लागतात, आणि हिशेब ४१ नॅनोसेकंदांच्या वर जातो. शिवाय तिन्ही कॅशे धुंडाळून, रिकाम्या हाताने स्टोअरपर्यंत जाऊन परत येण्याचा वेळ वेगळाच. म्हणून मघाशी आम्ही एकूण ८० ते १०० नॅनोसेकंद सांगितले.

येथे एक गंमत आहे. २००७ साली डीडीआर-३ हे प्रमाण प्रसिद्ध झाले. त्या पिढीच्या १६०० च्या पट्टीचा सीएल बहुधा ११ असे आणि तिचा एक ठोका १.२५ नॅनोसेकंदाचा. ११ ला १.२५ ने गुणा : १३.७५ नॅनोसेकंद! म्हणजे १६०० ची जुनी पट्टी आणि ३२०० ची नवी पट्टी यांच्या पहिल्या उत्तराचा विलंब अगदी एकच. आकडा दुप्पट झाला, धार दुप्पट झाली, पण पहिले पाणी तेव्हाच येते. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या डीडीआर-५ मध्ये ४८०० ची सीएल ४० असलेली पट्टी घ्या. तिचा विलंब १६.७ नॅनोसेकंद भरतो, म्हणजे जुनीपेक्षा थोडा अधिकच, जरी धार ३८.४ गीगाबाइटची असली तरी. चांगली निवडलेली, महाग पट्टी, उदाहरणार्थ ६००० ची सीएल ३० असलेली, हा विलंब १० नॅनोसेकंदांवर आणते. सीएलच्या आकड्याला २००० ने गुणावे आणि पट्टीवरच्या मोठ्या आकड्याने भागावे, की विलंब नॅनोसेकंदांत मिळतो. एवढा त्रैराशिकाचा हिशेब चौथी पास माणूसही करू शकेल; आणि तो केला तर दुकानदाराच्या जाहिरातीपेक्षा अधिक कळते.

धार निरुपयोगी आहे असा मात्र याचा अर्थ नाही. जेथे पिंपेच्या पिंपे भरायची असतात तेथे तीच खरी. ज्या संगणकात चित्रे रंगवणारा भाग प्रोसेसरमध्येच असतो आणि त्याला स्वतंत्र स्मृती नसते, तेथे चलच्चित्रे व खेळ यांना धार लागते. हल्ली ज्यांचा बोलबाला आहे त्या कृत्रिम बुद्धीच्या भाषायंत्रांचे उदाहरण घ्या. सात अब्ज संख्यांचे एखादे यंत्र, प्रत्येक संख्येस दोन बाइट धरल्यास, १४ गीगाबाइटचे होते; आणि एकट्या माणसाला उत्तर देताना पुढचा एकेक शब्दखंड काढण्यासाठी ते सर्वच्या सर्व पुन्हा वाचावे लागते. ५१.२ गीगाबाइटच्या धारेने सेकंदाला तीनचारच शब्दखंड निघतील. म्हणून त्या कामाच्या मोठ्या यंत्रांत एचबीएम नावाची स्मृती वापरतात. तिच्या तिसऱ्या पिढीत एका चवडीला ६४ ऐवजी १०२४ अंकांचा रुंद मार्ग असतो, आणि एकेका चवडीची धार सेकंदाला सुमारे ८१९ गीगाबाइट आहे. हा नळ नव्हे, कालवा आहे. पण एका तांब्यासाठी कालवा खणण्यात शहाणपण नाही.

खरेदी करताना उपयोगी पडतील अशा तीन गोष्टी येथेच सांगून टाकतो. एक : ज्या साध्या संगणकात पट्ट्यांना दोन मार्ग असतात, तेथे एका मोठ्या पट्टीऐवजी सारख्या दोन पट्ट्या योग्य खाचांत बसवल्या तर धार दुप्पट होते, ३२०० च्या दोन पट्ट्यांची ती ५१.२ गीगाबाइट होते. दोन : वेगवेगळ्या वेगांच्या पट्ट्या एकत्र बसवल्या तर साधारणतः सर्व पट्ट्या सर्वांत मंद पट्टीच्या चालीने चालतात. मोर्चाही दमलेल्या माणसाच्या चालीनेच चालतो. तेथे तो मोर्चाचा गुण असतो, येथे मात्र नुकसान. तीन : पट्टी कितीही वेगाची असो, प्रोसेसर आणि मुख्य पाटी यांची जी मर्यादा असेल तिच्यापुढे ती जात नाही. काही महाग पट्ट्या तर, यंत्राच्या मूळ मांडणीत तसा बदल केल्याशिवाय, छापील वेगाने चालतच नाहीत. कमी वेगाने चालत राहतात आणि मालकाला पत्ताही नसतो.

आता गोदामाकडे परत जाऊ. त्या तीन यंत्रांच्या प्रोसेसरची मर्यादा २४०० चीच होती. म्हणजे ३२०० ची पट्टी तेथे २४०० नेच चालत होती. बदल असा काही झालाच नव्हता. पण समजा, ती पूर्ण वेगाने चालली असती, तर? रॅम एका मागणीला ६४ बाइटांचा एक घास देते. तो घास ओतायला २४०० च्या पट्टीला ३.३ नॅनोसेकंद लागतात, ३२०० च्या पट्टीला २.५. शंभराच्या घरातल्या एका फेरीत एका नॅनोसेकंदाहूनही कमी बचत! फिटर दीड मिनिट स्टोअरच्या खिडकीशी उभा राहतो, त्यातला एक सेकंद वाचला. त्याने पडदा लवकर हलेल अशी आशा करणे व्यर्थ होते.

मग पडदा थांबत का होता? आमच्या ओळखीच्या एका तरुणाने गोदामात येऊन त्या यंत्रावर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकदम दाबल्या. विंडोज प्रणालीत त्याने 'टास्क मॅनेजर' नावाचा तक्ता उघडतो. त्यात मेमरी जवळजवळ पूर्ण भरलेली दिसत होती आणि डिस्कचा आकडा सारखा शंभर टक्क्यांवर आदळत होता. यंत्रात रॅम चारच गीगाबाइट. पट्टी बदलली होती, पण आकारमान तेवढेच राहिले होते. त्यात प्रणाली स्वतः, विषाणूंपासून राखण करणारा कार्यक्रम, ब्राउझर आणि गोदामाचा हिशेबी कार्यक्रम हे सारे कोंबलेले. जागा संपली की प्रणाली रॅममधला काही मजकूर डिस्कवर नेऊन ठेवते आणि लागेल तेव्हा परत आणते. आणि डिस्क होती जुनी, फिरती. म्हणजे स्टोअर भरले म्हणून माल आगबोटीने परदेशी पाठवायचा, आणि दुसऱ्याच दिवशी तो लागला म्हणून पुन्हा मागवायचा! अशी एक फेरी प्रत्यक्षात १० मिलिसेकंदांची. रॅमच्या फेरीच्या सुमारे एक लाख पट. अशा शंभर फेऱ्या झाल्या की पुरता एक सेकंद गेला, आणि एका लेबलापाठीमागे त्या कितीतरी होत होत्या. त्या भगिनीचा हात त्या वेळी पाकिटावर तयारच होता.

तात्पर्य असे की, शेजारशेजारच्या दोन पट्ट्यांतला फरक शेकड्यात मोजायचा असतो, पण स्मृतीच्या पायऱ्यांतला फरक हजारपटीत आणि लाखपटीत मोजायचा असतो. म्हणून यंत्र मंद वाटले तर पहिला प्रश्न 'पट्टीचा आकडा किती' हा नव्हे. पहिला प्रश्न असा : काम कोणत्या पायरीवर अडले आहे? रॅम भरून काम डिस्कवर सांडत असेल तर आकारमान वाढवा, वेग नव्हे. रॅम पुरेशी असून कार्यक्रम सुरू होण्यास उशीर लागत असेल तर फिरती डिस्क काढून एसएसडी बसवा. हे दोन्ही झाले, आणि काम खरोखर पिंपे भरण्याचे असेल, तर मग धारेचा आकडा पाहा.

गोदामातील यंत्रांत रिकाम्या खाचेत प्रत्येकी आणखी एक चार गीगाबाइटची पट्टी बसवली. तीही २४०० चीच चालली. पडद्याचे थांबणे जवळजवळ नाहीसे झाले. मेमो परत घेतले गेले. कापलेला भत्ता मात्र तक्रारीच्या तारखेपासूनचाच मिळाला. त्याआधीचा मिळाला नाही. त्या आधीच्या दिवसांचा उशीर यंत्राचा होता हे सिद्ध करण्यास कागद नव्हता, कारण यंत्राने फक्त माणसाचा वेळ लिहून ठेवला होता, स्वतःचा नव्हे.

हा मुद्दा आम्हाला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. गिरण्यांच्या काळी सूत वाईट आले की धागा तुटे, माग थांबे, आणि थांबलेल्या मागाचा दोष विणकराच्या माथी येई. पण तुटलेला धागा निदान डोळ्यांना दिसत असे. चार माणसांना बोलावून तो दाखवता येई. १९८३ साली बँकांतील यांत्रिकीकरणाविषयी संघटना आणि बँका यांच्यात करार झाला तेव्हा आमच्या आधीच्या पिढीपुढचा प्रश्न असा होता की, यंत्र यावे की न यावे, आणि आलेच तर किती. तो प्रश्न काळाने मागे टाकला. यंत्र आले आहे, आणि आता ते आपला वेळ मोजते आहे. आजचा तुटलेला धागा मात्र डोळ्यांना दिसत नाही. तो नॅनोसेकंदांच्या आणि मिलिसेकंदांच्या राज्यात तुटतो. ज्याला त्या राज्याची भाषा येत नाही त्याच्या माथी तो दोष बसतो. आमच्या माथी तो एकदा बसला, आणि आमच्यामुळे तीन निरपराध माणसांच्या माथी बसला.

म्हणून त्यानंतर आम्ही ज्या ज्या ठिकाणी अशी मोजणी आहे त्या त्या ठिकाणी एकच साधी मागणी करतो : माणूस यंत्रासाठी थांबला तो वेळ आणि यंत्र माणसासाठी थांबले तो वेळ, हे दोन्ही वेगळे लिहा. यंत्राला हे अवघड नाही. जे यंत्र नॅनोसेकंद मोजून चालते त्याला आपल्या स्वतःच्या थांबण्याची नोंद ठेवता येत नाही असे कोणी सांगितले तर ते मानू नये.

आपणांपैकी बहुतेकांना कोणाशी वाटाघाटी करायच्या नसतील. कोणाच्या घरी मुलाचा संगणक असेल, कोणाच्या दुकानात हिशेबाचा, कोणाच्या शाळेत कार्यालयाचा. तो मंद चालला की दुकानदार मोठा आकडा दाखवील. त्याला शांतपणे विचारा : हा आकडा धारेचा की पहिल्या उत्तराचा? आमच्या यंत्राची मर्यादा किती? आणि आमचे काम मुळात कोणत्या पायरीवर अडले आहे? या तीन प्रश्नांची उत्तरे मिळाल्याशिवाय पैसे काढू नका. आणि त्याआधी, यंत्रापुढे बसलेल्या माणसाला 'तू मंद आहेस' असे तर मुळीच म्हणू नका.